सात वार निळं

हुल्डाचा हात कात्रीपर्यंत गेला आणि परत आला. टेबलावर तिच्या आईचा झगा पसरलेला होता. करड्या रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, चाळीस वर्षं फक्त रविवारी घातलेला. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्या झग्याची गोधडी करायची हे ठरवायला हुल्डाला एवढा वेळ लागला होता, आणि आता चर्चच्या तळघरात, आठ बायकांसमोर, तिचं अवसान गळालं.

"अर्डिस, तूच काप बाई. माझा हात धजत नाही."

अर्डिसनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. झग्याच्या शिवणी उसवून भाग सुटे केले, उभा धागा कुठल्या बाजूनं जातो ते अंगठ्यानं चाचपलं, पट्टी ठेवली आणि कात्री घातली. एकदा घातली की तिची कात्री मध्ये थांबत नसे. हुल्डा तेवढ्या वेळापुरती कॉफी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. ती परत आली तेव्हा आईचा झगा नव्हता, वीतभर चौकोनांची एक चळत होती. हुल्डानं त्या चळतीवर हात ठेवला, थोडी रडली आणि मग सुईत दोरा ओवायला बसली.

हे असंच होत आलं होतं. हॅलबर्ग गाव लहान. रेल्वेचे रूळ, एक शाळा, एक चर्च, आणि चारी बाजूंना दिसेल तिथपर्यंत शेतं. मॅनिटोबाचा हिवाळा सहा महिन्यांचा, म्हणून घरोघरी गोधड्या. ज्या कापडाला कात्री लावायची हिंमत होत नाही असं कापड प्रत्येकीच्या कपाटात एखादं असतंच. कुणाच्या नवऱ्याचे सदरे, कुणाच्या आजीनं बोटीतून आणलेला तागा, कुणाच्या न जगलेल्या बाळाचं अंगडं. ते सगळं शेवटी तळघरातल्या दर गुरुवारच्या बैठकीत अर्डिसच्या पुढ्यात यायचं. ती म्हणायची, कापल्याशिवाय कापड कुणाच्या अंगावर जात नाही. आणि कापायची.

ट्वायला तिच्या शेजारीच बसलेली होती. ट्वायला म्हणजे पूर्वीची पोस्टमास्तरीण, अर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"दुसऱ्यांच्या लेकी सासरी धाडायला हिचं काय जातंय?" ती म्हणाली. "स्वतःची ठेवलीय कपाटात घोडनवरी करून."

बायका हसल्या. अर्डिसही हसली आणि टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागली. अर्डिसच्या कपाटातल्या त्या निळ्या कापडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. प्रत्येकीला ते कधी ना कधी दाखवून झालेलं होतं.

ते ओर्वलनं आणलं होतं. ओर्वल म्हणजे अर्डिसचा नवरा. रुळांलगतच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी त्याचं आयुष्य गेलं. ट्रक काट्यावर यायचा, ओर्वल आकडा मोठ्यानं वाचायचा, ट्रक जायचा. घरी आल्यावर वाचण्यासारखा आकडा नसल्यामुळे तो गप्प असायचा. वाढदिवसाला तो अर्डिसच्या हातात पाकीट द्यायचा, हवं ते घे म्हणायचा. स्वतः निवडून काही आणायची त्याची पद्धत नव्हती.

तेहतीस वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये त्याचा भाऊ विनिपेगला वारला. अर्डिस तापानं फणफणलेली, म्हणून ओर्वल एकटाच बसनं मातीला गेला. परतीच्या बसला दोन तास होते आणि स्टँडसमोर कापडाचं दुकान होतं. बायकांच्या त्या दुकानात हातात टोपी घेऊन तो किती वेळ उभा होता हे कुणालाच माहीत नाही. घरी आला तो तपकिरी कागदात बांधलेलं पुडकं घेऊन. आत सात वार सुती कापड. फिकट निळी जमीन आणि तिच्यावर गडद निळी बारीक फुलं, इतकी दाट की लांबून वाऱ्यावर हलल्यासारखी वाटावीत.

"जुलैत कोठारामागचं जवस असंच दिसतं ना," तो म्हणाला. "म्हणून घेतलं. तुझ्या गोधडीला होईल."

ओर्वलच्या मानानं हे भाषणच होतं. आणि अर्डिस म्हणाली, "एवढं कशाला आणलंस?"

तिच्या माहेरी आभार असेच मानायचे. तिच्या आईनं आयुष्यभर दुसरं काही म्हटलं नव्हतं. ओर्वलनं टोपी खुंटीला लावली आणि तो चहाचं आधण ठेवायला गेला.

त्यानंतर अर्डिसनं त्या कापडाचे कितीतरी बेत केले. आधी ताऱ्यांचा नमुना ठरवला, पण तारा जमायला हात आणखी बसायला हवा होता. हात बसला तेव्हा तारा फार साधा वाटायला लागला. मग मुलाच्या, लाइलच्या, लग्नाला करू म्हणाली. पण लाइलच्या बायकोला पडद्यांना जुळणारी दुकानातली दुलई हवी होती. मग नातवंडाला. मग स्वतःच्याच लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. चौकटीच्या कागदांवर काढलेल्या नमुन्यांनी एक वही भरली. दरवर्षी वसंतात ती कापड बाहेर काढायची, झटकायची, खिडकीच्या उजेडात धरायची. कापलं नाही तोवर त्यात सगळ्याच गोधड्या होत्या. कापलं की एकच उरणार होती. ती घडी घालून परत ठेवायची.

पहिल्या हिवाळ्यात ओर्वलनं विचारलं, झाली का गोधडी. होईल, ती म्हणाली. दुसऱ्या हिवाळ्यातही विचारलं. तिसऱ्या हिवाळ्यात म्हणाला, नसेल होत तर टेबलाला घाल. अर्डिसला हसू आलं. असलं कापड कुणी टेबलाला घालतं का, असं म्हणून ती हसत राहिली. त्यानंतर त्यानं विचारलं नाही, आणि तो विचारायचा थांबलाय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी ओर्वल घरातल्या सपाता घालून बर्फातून रुळांकडे चालत गेला. ट्रक खोळंबलाय, काट्यावर कुणी नाही, असं तो वाटेत भेटलेल्याला सांगत होता. कोठार पाडून चौदा वर्षं झाली होती. दोन वर्षं अर्डिस त्याचं विसरणं झाकत आली होती, त्या दिवसापासून झाकायला काही उरलं नाही. डिसेंबरात त्याला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात खोली मिळाली.

खोली खिडकीची होती आणि खिडकीमुळे गार होती. तिथली पांघरुणं पातळ, शंभरदा उकळत्या पाण्यातून निघालेली. रोवेना नावाची मनिलाकडची मुलगी ओर्वलचं सगळं करायची. तीच म्हणाली, "मावशी, घरून काहीतरी आणा ना यांच्यासाठी. रात्रभर कुडकुडतात."

अर्डिसनं घरची जाड तपकिरी गोधडी आणली. वीस वर्षं दोघं तिच्याखाली झोपले होते. ओर्वलनं ती पायानं खाली ढकलली. ही घोड्यांवर घालायची आहे, म्हणाला. दुसरी आणली, तीही घोड्यांचीच निघाली.

जानेवारीतली दुपार होती. अर्डिस त्याच्या खिडकीशी बसून एका गोधडीची कड दुमडत होती. ती आता रोजच येऊन बसायची. काही दिवस त्याला ती ओळखू यायची, काही दिवस नाही. त्या दिवशी तो तिच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुम्ही शिवता वाटतं," तो म्हणाला.

सत्तेचाळीस वर्षांत त्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. अर्डिस हो म्हणाली.

"आमची हीसुद्धा शिवते. चांगला हात आहे तिचा. सगळं गाव येतं तिच्याकडे कापड घेऊन." तो सांगू लागला. "मी एकदा कापड आणलं होतं तिला. विनिपेगहून. तिला आवडलं नाही."

अर्डिसची सुई कापडात अर्धी जाऊन राहिली.

"असं म्हणाली ती?"

"छे. ती कशाला म्हणेल? चांगली आहे ती. पण आवडलं असतं तर केलं असतं ना काहीतरी. चार दिवसांत गोधडी उठवते ती." त्यानं पांघरुणावरचा नसलेला कचरा झटकला. "दुकानातली बाई म्हणत होती, दुसरं घ्या. मीच ऐकलं नाही. मला काय कळतंय कापडातलं."

"आवडलं होतं तिला," अर्डिस म्हणाली. तिनं सुई खाली ठेवली. "फार आवडलं होतं. म्हणून तर कापवलं नाही तिच्यानं."

ओर्वलनं तिच्याकडे पाहिलं. आपलं दुःख हलकं करायला धडपडणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसं, मायेनं.

"तुम्हाला काय माहीत, बाई," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

अर्डिस घरी आली. कोट अंगात तसाच ठेवून तिनं कपाट उघडलं. तेहतीस वर्षं ज्या प्रश्नाला तिनं प्रश्न मानलं नव्हतं, त्याचं उत्तर या माणसानं कधीच स्वतःशी देऊन टाकलं होतं आणि ते उत्तर घेऊन तो तिच्याशेजारी झोपत होता, उठत होता, तिच्या हातचं जेवत होता. तिनं कापड स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. पुन्हा घेतली. हुल्डा कॉफीच्या निमित्तानं का उठते हे तिला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अर्डिस कापड घेऊन तळघरात उतरली आणि काही न सांगता तिनं ते लांब टेबलावर टाकलं. बोलणी एकेक करून थांबली.

उजेडात दोष दिसले. घड्या जिथे बसल्या होत्या तिथे रंग उडून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, सात आडव्या, दोन उभ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडून कापड तिथे विरत चाललं होतं. रेघा टाळायच्या तर तारा होणार नव्हता. वहीतला कुठलाच नमुना होणार नव्हता. होणार होते ते नुसते चौकोन, निर्वासितांना पाठवायच्या गोधड्यांना करतात तसले.

"आण, मी कापते," ट्वायला म्हणाली. या खेपेला तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"नको."

हुल्डानं पलीकडची कड धरली. अर्डिसनं पट्टी ठेवली, कात्री घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची कात्री वाकडी गेली. बोटभर कापड वाया गेलं. ती थांबली, नाक पुसलं, पट्टी सरळ केली आणि पुढे कापत राहिली. कुणीही कॉफी आणायला उठलं नाही.

गोधडी व्हायला चार दिवस लागले. चौकोन मशीनवर जोडले, मध्ये लोकरीचा थर, खाली साधं अस्तर. हातानं टाके घालायला वेळ नव्हता, म्हणून दर वीतभर अंतरावर दोऱ्याच्या गाठी. ट्वायला शेवटचे दोन दिवस येऊन समोर बसून गाठी मारत होती. ओर्वल काय म्हणाला ते अर्डिसनं तिला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, आवडलं होतं हे सांगितलंस का त्याला.

"सांगितलं," अर्डिस म्हणाली. "त्यानं ऐकलंसुद्धा. पण दुसऱ्याच कुणा बाईकडून."

ट्वायलानं गाठ ओढली आणि दोरा कापला.

सोमवारी अर्डिसनं गोधडी ओर्वलच्या मांडीवर ठेवली. त्यानं तिच्यावरून हात फिरवला. वजनकाट्यावरचा जुना हात, आकडा कळेपर्यंत घाई न करणारा. एक गाठ चिमटीत धरून बघितली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "कुणाची?"

"तुझी."

"नाही हो. एवढी चांगली माझी कशी असेल? चुकून आली असेल इकडे."

ही फुलं ओळखीची वाटतात का, असं तिनं विचारलं. जवस, तो ताबडतोब म्हणाला. कुठे बघितलं होतंस, तिनं विचारलं.

"कुठे म्हणजे? जवस काय, सगळीकडे असतं."

मग तो उठला. गोधडीची टोकं टोकांना जुळवून त्यानं नीट चौकोनी घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि त्या पातळ पांघरुणाखाली जाऊन पडला. ठेवून द्या, म्हणाला. खराब होईल. ज्यांची आहे त्या बाई येतील न्यायला.

रोज हेच झालं. अर्डिस पांघरायची, तो घडी घालायचा. रोवेना सांगायची, झोप लागल्यावर मी घालते मावशी, पण सकाळी बघावं तर खुर्चीवर, आणि हे आपले मुटकुळं करून पडलेले. गारठ्यानं त्याला खोकला झाला. फेब्रुवारीत खोकला छातीत उतरला. डॉक्टर येऊन गेले. अर्डिस खुर्चीवर बसायची तेव्हा गोधडी मांडीवर घ्यावी लागायची, तेवढीच ती कुणाच्या अंगावर जायची. ओर्वलच्या नखांचा रंग तिच्या डोळ्यांसमोर कापडासारखा निळा होत चालला होता आणि तो तिला समजावत होता की दुसऱ्याची वस्तू जपून ठेवावी.

एका दुपारी कॉफी आली. रोवेना कप ठेवून वळली तोच अर्डिसनं गोधडी पलंगावर उलगडली, मधोमध, जिथे घडीच्या रेघा चुकवून कापलेले सगळ्यात चांगले चौकोन तिनं लावले होते तिथे कप नेला, आणि तिरका केला. अर्धा कप कॉफी सावकाश त्या फुलांवर ओतली. डाग पसरत पसरत चार चौकोनांत गेला. रोवेना दारात उभी राहून बघत होती. तिनं तोंडावर हात ठेवला, पण ती आत आली नाही.

"अरेरे," ओर्वल म्हणाला. तो धडपडत बसता झाला आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीनं डाग टिपायला लागला. "काय केलंत हे? आता त्या बाईंना काय सांगायचं?"

"मी सांगते त्यांना," अर्डिस म्हणाली. "चूक माझी आहे. पण आता ही काही परत द्यायच्या लायकीची राहिली नाही. तूच वापरून टाक."

ओर्वलनं डागाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो विचार करत होता. काट्यावर ट्रक उभा करून कुणी चुकीचं वजन सांगत असलं की तो असाच थांबायचा.

"तसं असेल तर," तो म्हणाला, आणि आडवा झाला.

अर्डिसनं गोधडी त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली. कॉफीचा भाग अजून कोमट होता, तो त्याच्या पोटावर आला. त्या दुपारी तो तीन तास झोपला. बाहेर बर्फ पडत होता आणि खोलीत फक्त त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. अर्डिस हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याकडे शिवायला काही नव्हतं.

त्यानंतर गोधडी त्याच्या अंगावरून हलली नाही. जेवण सांडलं, औषध सांडलं, आणखीही काय काय झालं. रोवेना ती धुवायला न्यायची तेव्हा तो दाराशी उभा राहून वाट बघायचा. धुलाई तिथली नेहमीची, उकळत्या पाण्यातली. आठवड्याआठवड्याला फुलं फिकी होत गेली. अर्डिसला तो कधी ओळखायचा, कधी नाही. त्या कापडाबद्दल तो पुन्हा बोलला नाही, आणि ज्या गोधडीखाली आपण झोपतोय ती त्याच कापडाची आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदोनदा तिनं सांगून पाहिलं. तो भिडेखातर हो म्हणाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, अर्डिस पोचायच्या अर्धा तास आधी ओर्वल गेला.

लाइल एडमंटनहून येऊन दफन आटोपून परत गेला, त्यानंतर खोली रिकामी करायला ती एकटीच गेली. रोवेनानं सगळं एका मोठ्या पिशवीत भरून ठेवलं होतं. सदरे, चष्मा, दाढीचं सामान, आणि सगळ्यात वर गोधडी, धुऊन, टोकाला टोक लावून घडी घातलेली. त्या खोलीत दुसरा माणूस यायचा होता, त्याचं सामान बाहेर येऊन पडलं होतं. रोवेनानं अर्डिसला मिठी मारली आणि ती कामाला गेली.

बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, पण वारा बोचरा होता. अर्डिसनं पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली. जुनी गाडी, गरम हवा यायला वेळ लावणारी. काच आतून धुरकटली. ती थोडा वेळ हात चोळत बसली. मग तिनं पिशवीतून गोधडी काढली, घडी मोडली आणि गुडघ्यांवर पसरून घेतली, आणि काच स्वच्छ होईपर्यंत तशीच बसून राहिली.